तंबाखूचा करार आणि सीमेवरील व्यवहार

कोल्हापूरहून बंगळूरच्या मार्गानें दक्षिणेस निघालें म्हणजे कागल मागें पडतांच महाराष्ट्राची हद्द संपते, आणि कोल्हापूरपासून सुमारें चाळीस किलोमीटरांवर निपाणी लागते. रस्ता तोच, जमीन तीच, आणि बाजारांत कानांवर पडणारी भाषाही बहुतांशीं मराठीच. फरक इतकाच कीं, अलीकडच्या गांवासाठीं राज्याचे कायदे मुंबईस होतात व पलीकडच्या गांवासाठीं बंगळूरास. हा फरक कांहीं वेळां फार मोठा ठरतो. जुलै २०१२ मध्यें महाराष्ट्र सरकारनें गुटख्यावर बंदी घातली. कर्नाटकानें तशीच बंदी मे २०१३ च्या अखेरीस घातली. मधल्या दहा महिन्यांत जी पुडी कागलच्या दुकानांत सांपडली असतां जप्त होण्यास पात्र होती, तीच पुडी निपाणीस विकण्यास राज्याची मनाई नव्हती. एकाच देशांतील दोन शेजारी राज्यांचा जर हा अनुभव, तर दीडशेंहून अधिक राष्ट्रांनीं मिळून तंबाखूविषयीं एक धोरण पत्करणें आणि तें आपापल्या घरीं अमलांत आणणें किती बिकट असेल, याची कल्पना सहज करतां येईल. हा उद्योग गेलीं वीस वर्षें चालू आहे. तो कसा चालतो, कोठें अडतो आणि त्यांतलें कोल्हापूरकडच्या मुलखाच्या वांट्यास काय येतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

तंबाखू मूळची या देशाची नव्हे. अमेरिका खंडांतून ती पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर येथें आली आणि दक्षिणेंत लवकर रुजली. अकबराचा असद बेग नांवाचा सरदार विजापूरच्या दरबाराहून परतला, तेव्हां त्यानें बादशहास नजर करण्याकरितां तंबाखू व ती ओढण्याचें नक्षीदार साहित्य बरोबर नेलें. त्या वेळीं उत्तरेंतील दरबाऱ्यांस ती मोठ्या नवलाची वस्तु वाटली. ही गोष्ट सतराव्या शतकाच्या अगदीं आरंभींची. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आंतच, १६१७ सालीं, जहांगीर बादशहानें तंबाखू ओढण्यास मनाई केली, आणि इराणच्या शहा अब्बासनेंही तशीच मनाई केल्याचें आपल्या आठवणींत नमूद केलें. दोन शेजारी राज्यांचें तंबाखूविषयक धोरण जुळल्याचें हें जुनें उदाहरण होय. परंतु त्याच आठवणींत पुढें असेंही येतें कीं, इराणास गेलेला मोगलांचा वकील खान आलम यास धूम्रपानावांचून क्षणभर राहवत नसे, म्हणून शहानें त्याच्यापुरती सवलत दिली. हुकूम निघाला, त्यास अपवादही निघाला. आणि तंबाखू मात्र दोन्ही देशांत गांवोगांव पोचली.

आधुनिक काळांतील प्रयत्न याहून पद्धतशीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभासद राष्ट्रांनीं २१ मे २००३ रोजीं जिनीव्हा येथें तंबाखू-नियंत्रणाचा चौकट-करार संमत केला. या संघटनेच्या घटनेखालीं झालेला हा पहिलाच करार. ठरल्याप्रमाणें चाळीस राष्ट्रांची मंजुरी मिळाल्यावर, २७ फेब्रुवारी २००५ पासून, तो लागू झाला. भारतानें ५ फेब्रुवारी २००४ रोजींच त्यास मंजुरी दिली होती. पुढें त्यांत सामील झालेल्या पक्षांची संख्या १८० च्या वर गेली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं सही केली, परंतु मंजुरी दिली नाहीं. इंडोनेशियानें तर सहीही केली नाहीं.

‘चौकट-करार’ हा शब्द समजून घेण्यासारखा आहे. घराची चौकट उभी राहिली म्हणजे घर कोठपर्यंत हें ठरतें; परंतु भिंती, दारें व कुलपें ज्याचीं त्यानें बसवावयाचीं असतात. या करारानें तंबाखूवर कर वाढवावा, सार्वजनिक जागीं दुसऱ्याच्या धुरापासून लोकांचें रक्षण करावें, वेष्टनावर ठळक इशारा छापावा, जाहिराती बंद कराव्या, लहान मुलांस विक्री करूं नये, चोरट्या व्यापारास आळा घालावा आणि तंबाखू पिकविणाऱ्यांस व त्या धंद्यांत राबणाऱ्यांस दुसरें उपजीविकेचें साधन मिळवून देण्यास साहाय्य करावें, अशीं कलमें घातलीं. इशाऱ्यासाठीं तीन वर्षें आणि जाहिरातबंदीसाठीं पांच वर्षें अशी मुदतही दिली. राष्ट्रांनीं वेळोवेळीं आपला अहवाल द्यावा आणि त्यांच्या प्रतिनिधींनीं एकत्र बसून त्याचा विचार करावा, अशीही व्यवस्था आहे. अशी एक परिषद नोव्हेंबर २०१६ मध्यें दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें भरली होती. परंतु करार न पाळणाऱ्यास दंड करणारें न्यायालय किंवा शिपाई यांत कोठेंच नाहीं. म्हणून जिनीव्हाचें कलम कोल्हापूरच्या पानपट्टीपर्यंत यावयाचें तर तें आधीं देशाच्या कायद्यांत, नंतर नियमांत, नंतर राज्याच्या आदेशांत आणि शेवटीं एखाद्या मुख्याध्यापकाच्या, अन्ननिरीक्षकाच्या किंवा पोलिसाच्या हातांत यावें लागतें. प्रत्येक पायरीवर तें थोडें बदलतें, आणि कधीं कधीं तेथेंच थांबतें.

भारताचा कायदा तसा उशिरानें आला नाहीं. सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयींच्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती १८ मे २००३ रोजीं मिळाली, म्हणजे जिनीव्हाच्या ठरावाच्या तीन दिवस आधीं. त्याच्याही पूर्वीं, नोव्हेंबर २००१ मध्यें, मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला होता. परंतु कायदा आणि अंमल यांत बरेंच अंतर पडलें. सार्वजनिक ठिकाणांविषयींचे सुधारलेले नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले, आणि पुड्यांवरील चित्रमय इशारा बरेच वेळां लांबणीवर पडून ३१ मे २००९ रोजीं अवतरला. प्रथम तो वेष्टनाच्या पुढच्या बाजूचा चाळीस टक्के भाग व्यापी. १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंचा पंचाऐंशी टक्के भाग त्यास द्यावा लागला. डिसेंबर २०१७ मध्यें कर्नाटक उच्च न्यायालयानें हा नियम रद्द ठरविला, आणि जानेवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयास स्थगिती दिली. शेजारच्या नेपाळानें २०१४ सालीं नव्वद टक्क्यांचा नियम केला होता. एकाच कराराखालीं एका देशांत नव्वद टक्के, दुसऱ्यांत पंचाऐंशी, तर युरोपांतील संघराष्ट्रांत पासष्ट, असा हा प्रकार झाला. चौकट एक, पण भिंतींची उंची निरनिराळी.

चित्राचा इशारा परिणामकारक खरा, परंतु तो पुडी हातांत घेणाऱ्यासच दिसतो. या देशांत सिगारेट व विडी सुटी विकत घेण्याची चाल फार. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातीं इशारा येतच नाहीं. शिवाय एका सिगारेटीची किंमत शाळकरी मुलाच्या खिशालाही परवडते. ही पळवाट ध्यानांत आल्यावर महाराष्ट्रानें सप्टेंबर २०२० मध्यें सुट्या सिगारेटींच्या व विड्यांच्या विक्रीस मनाई केली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखूची विक्री करूं नये, हा नियम त्याच्याही आधींचा आहे. परंतु कायद्यांतील दंड दोनशें रुपयांपर्यंतचा. आणि तो वसूल करणाऱ्या पोलिसास त्याच दिवशीं दुसरीं दहा कामें असतात. ज्या शाळेच्या मुख्याध्यापकानें स्वतः लक्ष घातलें तेथें पानपट्टी हलते. ज्यानें घातलें नाहीं तेथें पाटी लागते आणि पाटीखालीं दुकान चालू राहतें.

याहून खोल अडचण निराळीच आहे. जगांतील तंबाखू-नियंत्रणाचा बराचसा विचार सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून झालेला आहे. महाराष्ट्राची स्थिति तशी नाहीं. २०१६-१७ च्या पाहणींत असें आढळलें कीं, महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें चार माणसें धूम्रपान करतात, आणि शेंकडा सुमारें चोवीस माणसें न ओढतां तंबाखूचें सेवन करतात. म्हणजे येथें तंबाखूचा धूर थोडा आणि चुना फार. कोणी तळहातावर चुन्याबरोबर मळून दाढेखालीं ठेवतो, कोणी पानांतून खातो, कोणी गुटखा. आणि यांतही एक प्रकार असा आहे कीं तो बहुधा घरींच तयार होतो. तो म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावी, कुटून तिची पूड करावी आणि सकाळ-संध्याकाळ ती दांतांस व हिरड्यांस लावावी, ही चाल पश्चिम महाराष्ट्रांतील असंख्य घरांत, विशेषतः स्त्रियांत, पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिला व्यसन म्हणण्यासही पुष्कळ घरें तयार नसतात. ती दांतांच्या स्वच्छतेंत मोडते. घरींच तयार होणाऱ्या या पुडीवर वेष्टन नाहीं, म्हणून इशारा नाहीं. तिची जाहिरात नाहीं, म्हणून जाहिरातबंदीही तिला शिवत नाहीं. सार्वजनिक जागेंतील धूम्रपानाचा नियम तर तिच्या वाटेसही जात नाहीं.

हें निरुपद्रवी नव्हे. मुंबईंतील बाराशेंहून अधिक गर्भवती स्त्रियांची पाहणी करून २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, मिश्री वगैरे प्रकारें तंबाखू घेणाऱ्या मातांच्या मुलांचें जन्माच्या वेळचें वजन सरासरीनें सुमारें शंभर ग्रॅमनीं कमी भरलें. तोंडाच्या कर्करोगाशीं चघळण्याच्या तंबाखूचा संबंध तर सर्वमान्य आहे. भारतांत तंबाखूमुळें दरवर्षीं सुमारें साडेतेरा लाख माणसें मरण पावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. करारानें तंबाखूजन्य पदार्थांच्या व्याख्येंत ओढावयाच्या पदार्थांबरोबर चघळावयाचे, चोखावयाचे व हुंगावयाचे पदार्थही घातले आहेत; परंतु त्याचीं साधनें मुख्यतः कारखान्यांत तयार होणाऱ्या व दुकानांत विकल्या जाणाऱ्या मालासाठीं आहेत. घरच्या तव्यापर्यंत तीं पोचत नाहींत.

गुटखा मात्र कारखान्यांतून येतो, म्हणून त्याच्याशीं कायद्याचा सामना झाला. महाराष्ट्रानें २००२ सालींही गुटख्यावर बंदी घातली होती. परंतु तेव्हांच्या अन्नभेसळ-प्रतिबंधक कायद्याखालीं राज्याच्या अधिकाऱ्यास अशी सर्वसाधारण बंदी घालण्याचा अधिकार पोचत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २००४ मध्यें ठरविलें आणि ती बंदी उठली. पुढें २००६ चा अन्नसुरक्षा कायदा झाला. त्याच्या २०११ च्या नियमांत, कोणत्याही अन्नपदार्थांत तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरूं नये, असें स्पष्ट लिहिलें गेलें. गुटखा हा खाण्याचा पदार्थ आणि त्यांत तंबाखू, तेव्हां तो आपोआप नियमाच्या कचाट्यांत आला. २०१२ सालीं मध्यप्रदेशानें पहिलें पाऊल टाकलें; केरळ, बिहार, महाराष्ट्र त्यामागून आले. मात्र त्या कायद्याखालीं राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्तास एका वेळीं जास्तींत जास्त एक वर्षाचा मनाई-आदेश काढतां येतो. म्हणून महाराष्ट्राचा आदेश वर्षोवर्षीं नव्यानें काढण्याची वहिवाट पडली.

व्यापारानेंही आपली वाट शोधली. बंदी गुटख्यावर, मग सुपारीचा मसाला एका पुडींत आणि सुगंधी तंबाखू दुसऱ्या पुडींत असा जोड माल बाजारांत आला. गिऱ्हाईक दोन पुड्या घेतें, तळहातावर एकत्र करतें आणि गुटखा तयार होतो. त्यावर महाराष्ट्राच्या आदेशांत पानमसाला, सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारी हींही आलीं. परंतु जोंपर्यंत एखाद्या शेजारच्या राज्यांत यांतला एक जरी माल मोकळा आहे, तोंपर्यंत हद्दीवरील नाका हीच बंदीची कसोटी राहते.

हा अनुभव जगांतही येतो. भूतान या छोट्या राष्ट्रानें डिसेंबर २००४ पासून तंबाखूच्या विक्रीवर संपूर्ण बंदी घातली आणि २०१० सालीं फार कडक कायदा केला. परंतु त्याच्या दक्षिणेस भारताची लांब सरहद्द आहे व तेथें तंबाखू सुलभ आहे. मालाची चोरटी आयात चालू राहिली. करोनाच्या सांथींत, सरहद्दीपलीकडून येणाऱ्या चोरट्या व्यापाऱ्यांबरोबर रोगही येईल या भीतीनें, २०२१ सालीं भूतानानें ती विक्रीबंदी उठविली. युरोपांतील संघराष्ट्रांनीं दुसरा मार्ग घेतला. २०१४ सालीं त्यांनीं एक समान आज्ञापत्र काढून इशाऱ्याचा आकार सर्वांसाठीं एक केला, २०१९ पासून प्रत्येक सिगारेटच्या पाकिटास शोधचिन्ह दिलें आणि २०२० पासून मेंथॉलची सिगारेट बंद केली. कर मात्र ज्याचा त्यानें ठरवावयाचा असल्यामुळें महाग देशांतील लोक स्वस्त देशांत जाऊन खरेदी करतात. आणि तेथेंही एक अपवाद आहेच: ओठाखालीं ठेवावयाची ‘स्नूस’ नांवाची तंबाखू सर्व संघांत निषिद्ध, परंतु स्वीडनास मोकळीक. खान आलमच्या सवलतीची येथें आठवण होते.

यावरून राष्ट्रांस एक बोध झाला. नियम एकट्यानें कडक करून भागत नाहीं. माल कोठून निघाला व कोठें गेला याचा हिशेब सर्वांनीं मिळून ठेवावा लागतो. या हेतूनें चोरट्या व्यापाराविरुद्धचा पुरवणी-करार नोव्हेंबर २०१२ मध्यें कोरियाची राजधानी सेऊल येथें संमत झाला. भारत जून २०१८ मध्यें त्यांत सामील झाला आणि २५ सप्टेंबर २०१८ पासून तो अमलांत आला. ज्या वस्तूच्या प्रत्येक पेटीस खूण आहे तिचा माग काढतां येतो. विडीसारख्या घरोघर वळल्या जाणाऱ्या मालाचा असा माग काढणें अर्थातच फार कठीण.

येथवरचा विचार तंबाखू घेणाऱ्याच्या बाजूनें झाला. निपाणीच्या बाजूनें पाहतां प्रश्नाचें दुसरें अंग दिसतें. निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. भोंवतालच्या काळ्या रानांत कोरडवाहू शेतकऱ्यास रोख पैसा देणारें पीक तेंच होतें. त्याला वाजवी भाव मिळावा म्हणून १९८१ सालीं शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं तेथील शेतकऱ्यांनीं पुणें-बंगळूर मार्गावर ठाण मांडलें; एप्रिलांत पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यांत शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच सुमारास निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या धुळींत दिवसभर राबणाऱ्या स्त्रिया मजुरीसाठीं संघटित झाल्या. त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट १९८२ सालीं निघाला. सोलापुरांत तर हजारों स्त्रियांचा संसार विड्या वळण्यावर चालला आहे. तेंदूच्या पानांत तंबाखू भरून हजार विड्यांमागें ठरलेली मजुरी घ्यावयाची, हा त्यांचा व्यवसाय. तंबाखूचा खप घटला तर मृत्यु घटतील हें जितकें खरें, तितकेंच या स्त्रियांचें काम घटेल हेंही खरें.

करारानें ही गोष्ट विसरलेली नाहीं. त्याच्या सतराव्या कलमांत पर्यायी उपजीविकेस साहाय्य देण्याविषयीं आणि अठराव्यांत शेतीच्या व कारखान्याच्या कामांत माणसांच्या आरोग्याची व पर्यावरणाची काळजी घेण्याविषयीं सांगितलें आहे. परंतु इशाऱ्याच्या कलमाप्रमाणें यांस मुदत घातलेली नाहीं, म्हणून सर्वत्र हींच कलमें मागें पडतात. एकच सरकार एका हातानें पुडीवर कर्करोगाचें चित्र छापावयास लावतें आणि दुसऱ्या हातानें, १९७६ सालीं गुंटूर येथें स्थापन झालेल्या तंबाखू मंडळामार्फत, व्हर्जिनिया तंबाखूच्या व्यापारास मदत करतें. कराच्या बाबतींतही विडीस बराच काळ झुकतें माप मिळालें: २०१७ सालीं नवी करपद्धति आली तेव्हां सिगारेटवर वेगळा भरपाई-उपकर बसला, विडीवर तो बसला नाहीं. गरिबाच्या कामास धक्का लागूं नये हा त्यांतील विचार. परंतु त्याच सवलतीनें गरिबाची विडी स्वस्त राहिली, आणि विडीचा रोगही गरिबाच्याच घरीं राहिला.

यांतून मार्ग नाहीं असें नव्हे. पिकास पर्याय तेव्हांच मिळतो, जेव्हां पाणी आणि खात्रीचें गिऱ्हाईक हीं दोन्ही मिळतात. दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यांत जेथें पाणी पोचलें तेथें शेतकऱ्यास उसाचा विचार करतां आला, कारण त्यामागें साखर कारखाना उभा होता. यास्तव तंबाखूचें नियंत्रण हें आरोग्यखात्याचें एकट्याचें काम नव्हे. पाटबंधारे, सहकार, कामगार व शिक्षण हीं खातीं त्यांत तितकींच गुंतलेलीं आहेत. विडी वळणाऱ्या स्त्रीस दुसऱ्या कामाचें शिक्षण, तें शिकेपर्यंत मजुरी आणि शिकल्यावर काम हें सर्व मिळाल्यावांचून तिला सूप टाकून ये म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

देशाच्या व राज्याच्या सरकारांनीं करावयाचें हें असें आहे. सुशिक्षित कुटुंबांस करतां येण्याजोगीही कांहीं कामें आहेत, आणि तीं कोणत्याही करारांत लिहिलेलीं नाहींत. मुलाच्या शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांत काय विकलें जातें हें पालकांनीं स्वतः पाहावें व मुख्याध्यापकांच्या नजरेस आणावें. सोडूं इच्छिणाऱ्यास मदत करणारा निःशुल्क दूरध्वनि-क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून पुडीवर छापला जाऊं लागला. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास तो वाचून दाखवावा व जोडूनही द्यावा. आणि घरांत वडीलधारी स्त्री मिश्री लावीत असेल, किंवा धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईच्या कनवटीस तिची डबी असेल, तर तिला हिणवूं नये; दांतांस दुसरें मंजन आणून द्यावें, डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्यावें, आणि विशेषतः घरांत गर्भवती असेल तर ती डबी तिच्या हातीं पडूं देऊं नये. तव्यावरची तंबाखू थांबविण्यास याहून मोठा अधिकारी कोणत्याही राष्ट्रापाशीं नाहीं.